हायवेची गाडी

*वास*

“वास घे,” आप्पा म्हणाले आणि त्यांनी क्लचप्लेट माझ्या नाकासमोर धरली.

मी घेतला. तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखा वास होता, वर ऑइलचा कडवटपणा.

“काय म्हणते?”

“जळलीय.”

“कशानं जळते?”

हा प्रश्न ते मी शाळेत होते तेव्हापासून विचारत आले होते. उत्तरही ठरलेलं. “अर्ध्या क्लचवर चालवल्यानं. बाजारात, गर्दीत. गिअर पडलेला असतो, पण क्लच पुरता सोडलेला नसतो. प्लेटा एकमेकींवर घासत राहतात.”

“आणि काल पोहे खाताना हा पोरगा काय म्हणाला?”

पोहे मीच दिले होते, त्यामुळे तो काय म्हणाला ते मला चांगलं ठाऊक होतं. तो म्हणाला होता, “गाडी म्हणजे माझी निव्वळ हायवेची. घर ते कऱ्हाड, कऱ्हाड ते घर. मध्ये एक सिग्नल नाही.”

आप्पांनी प्लेट फडक्यावर ठेवली. हळूच ठेवली. ते चिडले की वस्तू हळू ठेवायचे.

*आमच्या घरची रीत*

आमचं गॅरेज हायवेच्या सर्व्हिस रोडला होतं. तो रस्ता तेव्हा निम्मा कच्चा होता. आप्पा आणि त्यांचा धाकटा भाऊ दिनूकाका दोघं मिळून गॅरेज चालवायचे. मला भाऊ नव्हता. कार्बोरेटर साफ करणं, प्लगचा गॅप लावणं, पार्टचं कपाट सांभाळणं, ही माझी कामं. त्यामुळे माझ्या नखांत कायम काळं असायचं. बघायला पाहुणे येणार म्हटलं की आई मला आदल्या दिवसापासून लिंबू-साखरेनं हात चोळत बसवायची. तरी दोन ठिकाणांहून निरोप आला होता : मुलगी चांगली आहे, पण हात बाप्याचे आहेत.

घरची रीत अशी, की पाहुण्याला चहा आणि पाहुण्याच्या गाडीला ऑइल. लग्नाचा मुलगा बघायला आला की त्याची मोटारसायकल ठेवून घ्यायची. “राहू द्या, सर्व्हिसिंग करून ठेवतो, उद्या घेऊन जा.” तो खूश होऊन वडीलधाऱ्यांच्या जीपमधून घरी जायचा. आणि आप्पा गाडी खोलायचे.

“माणूस बशीसमोर तासभर कसाही चांगला वागंल,” ते म्हणायचे. “गाडीशी तो रोजचं वागतो.”

माझ्या थोरल्या बहिणीला आलेलं एक स्थळ त्यांनी हॉर्नच्या बटणावरून मोडलं होतं. बटण झिजून चिंचोक्यासारखं गुळगुळीत झालं होतं. “हा बायकोवर ओरडणार,” आप्पा म्हणाले, आणि विषय संपला. तिला पुढं दिलं तो जावई कोल्हापुरात भर वस्तीत गाडी चालवायचा, तरी त्याचे पुढचे-मागचे ब्रेकशू सारखेच झिजलेले निघाले. सुपारी फुटली त्या दिवशी आप्पा म्हणाले, “दिन्या, गाडी आत घे.” आत म्हणजे मागच्या शेडमध्ये. तिथं फक्त घरच्या गाड्या उभ्या राहायच्या. गिऱ्हाइकांच्या, पाहुण्यांच्या, सगळ्या बाहेर, लिंबाखाली.

मला बघायला आलेल्या हेमंत लोहारची गाडी लिंबाखाली होती. अर्धी खोललेली.

*ब्रेक*

“हे बघ,” दिनूकाका मागचं चाक काढून म्हणाला, “ब्रेकशू कोरे. नव्यासारखे. टायर मधोमध सपाट झालाय आणि कडा तशाच. म्हणजे गडी सरळ जातो, वळत नाही, थांबत नाही. हायवेचीच गाडी आहे, आप्पा. पोरगा खरं बोलतोय.”

“मग क्लच?”

“क्लच बाजारातला.”

“एका गाडीत दोन गाड्या?”

“क्लच दुसरीचा टाकला असंल.”

“जळका? विकत घेऊन?”

काकानं डोकं खाजवलं. ऑइल केसांना लागलं. मग त्याचे डोळे चमकले. “वरात! वरातीत चालवत असंल! पुढं बँड, मागं हा. हळूहळू, हळूहळू, ब्रेकचं कामच न्हाई.”

मी हसले. आप्पा हसले नाहीत.

“बरोबर बोललास,” ते म्हणाले.

“मी चेष्टा केली, आप्पा.”

“चेष्टेत बरोबर बोललास. हायवेलाच चालवतो. पण कधीकधी माणसाच्या चालीनं चालवतो. बाजारात माणूस आडवं येतं, ब्रेक लागतो. ह्याला ब्रेक लागत न्हाई. म्हणजे आडवं कुणी येत न्हाई.” त्यांनी हात पुसले. “हा कुणाच्या तरी मागनं चालतो.”

हायवेवरून एक ट्रक गेला आणि लिंबाची पानं हलली.

*आरसा*

डावा आरसा खाली झुकलेला होता. पडल्यानं झुकावा तसा नव्हे, मुद्दाम फिरवून नट घट्ट केलेला. नटाच्या कडेला गंज चढला होता, म्हणजे बऱ्याच दिवसांचा.

“बस,” आप्पा मला म्हणाले.

मी गाडीवर बसले. आरशात मागचा रस्ता दिसायला हवा. दिसत नव्हता. रस्त्याची कड दिसत होती, पांढरा पट्टा, कडेचं गवत. आणि तिथं उभा असलेला दिनूकाका, पायापासून डोक्यापर्यंत.

“काय दिसतं?”

“काका.”

“अख्खा?”

“अख्खा.”

आप्पांनी मान हलवली. काकानं उगीचच शर्टाची बटणं लावली, जणू आरशानं त्याला पकडलं होतं.

*तीन आवाज*

त्याच दिवशी संध्याकाळी हेमंत गाडी न्यायला आला. आप्पा स्टुलावर, तो बाकावर, मी पार्टच्या कपाटामागे. ते बोलणं मला आजही तीन आवाजांत आठवतं, कारण गाडी तिथंच उभी होती.

आप्पा : रोजचं जाणंयेणं कुठनं कुठं?

हेमंत : घर ते कऱ्हाड. फौंड्रीत सकाळची पाळी असते.

गाडी : टायर मधोमध सपाट. खरं बोलतो.

आप्पा : शहरात फिरणं?

हेमंत : फौंड्री बाहेरच आहे. शहरात शिरतच नाही म्हणा ना.

गाडी : ब्रेकशू कोरे. खरं बोलतो.

आप्पा : कुणाला गाडी शिकवताय का? बहिणीला वगैरे?

हेमंत : बहीण... वडूजला दिलीय. सुखात आहे.

गाडी : (गप्प.)

आप्पा : कुणाच्या सोबतीनं हळू चालवता का? म्हातारं माणूस, बैलगाडी?

हेमंत : नाही. मी एकटाच असतो.

गाडी : क्लच.

“प्लेटा नव्या टाकल्यात,” आप्पा म्हणाले.

“जुन्या खराब झाल्या होत्या?”

“जळल्या होत्या.”

हेमंतनं बाकाच्या फळीवरची चीर बोटानं चाचपली. “अस्सं,” म्हणाला. का जळल्या, कशानं, एक शब्द विचारला नाही. कुणीही विचारलं असतं.

*नखं*

मी पाणी घेऊन गेले. आई आतून बघत होती, म्हणून तांब्या धरलेला हात मी ओढणीखाली घेतला. पेला दुसऱ्या हातात होता, तो लपवता येईना.

“लपवू नका,” तो हळूच म्हणाला. आणि त्यानं स्वतःची बोटं पुढं केली. नखांच्या कडांना काळी बारीक रेघ होती. “साच्याची वाळू. साबणानं जात नाही. मी नादच सोडला.”

इतक्या पाहुण्यांत माझ्या हाताकडे बघून हसलेला तो पहिला माणूस. मला तो आवडला. हे मी इथंच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यामुळेच झालं. नसता आवडला, तर आप्पांनी त्याला क्लचवर मोडला असता आणि मी दुसऱ्या कुणासाठी लिंबू चोळत बसले असते.

तो गाडीवर बसला. आप्पांनी डावा आरसा सरळ करून दिला होता. गाडी सुरू करून तो सर्व्हिस रोडच्या तोंडापर्यंत गेला, तिथं थांबला, हात लांब करून त्यानं आरसा पुन्हा खाली फिरवला, आणि गेला.

मी आप्पांकडे बघितलं. आप्पा माझ्याकडेच बघत होते.

“शनिवारी मी मध्यस्थाला फोन करतो,” ते म्हणाले.

“रविवारी सुपारी फोडायची ठरलीय.”

“ठरलंय म्हणूनच शनिवारी.”

“आप्पा, तुम्ही म्हणता तो कुणाच्या तरी मागनं चालतो.”

“आरसा म्हणतो.”

“मग कुणाच्या ते मला बघू द्या.”

“बघून काय करणार?”

“तुम्ही गाडी न खोलता स्थळ मोडलं असतं का?”

हे त्यांना लागलं. बराच वेळ ते पान्याचा संच लावत बसले. मग काकाला म्हणाले, “हिला घेऊन जा. पाळी सुटल्यावर तो पारावर बसलेला असतो, हे मी विचारलंय. म्हणजे उरते पहाट. आणि दिन्या, गोड बोलून परत येऊ नको.”

*आवाज*

हेमंतच्या गावच्या पुढं एक बंद पडलेला ढाबा होता. आम्ही त्याच्या आडोशाला उभे राहिलो. काकानं कानटोपीवरून मफलर गुंडाळला होता आणि आपण हेर आहोत असं त्याला वाटायला लागलं होतं.

“आला की खोकू नको,” तो म्हणाला.

“मी कुठं खोकते?”

“मीच मला सांगतोय.”

पूर्वेला नुकतं कुठं फटफटत होतं. ट्रक जात होते. आधी मला गाडी दिसली नाही, ऐकू आली. अर्ध्या क्लचवर गाडीचा आवाज वेगळाच होतो. इंजिन जोर लावतंय आणि चाकाला तो पोचत नाही, असा दबका, अडलेला. मग दिवा दिसला. खाली पाडलेला. आणि दिव्याच्या उजेडात, गाडीच्या डाव्या अंगाला, रस्त्याची कड आणि गाडी यांच्या मध्ये, एक बाई पळत होती.

सलवार-कमीज, कॅनव्हासचे बूट. तोंडाला स्कार्फ, फक्त डोळे उघडे. ट्रक आला की हेमंत गाडी जरा उजवीकडे घ्यायचा, ट्रक आणि ती यांच्या मध्ये. ती मागं पडली की आरशात बघून क्लच दाबायचा. ती दमून चालायला लागली, की गाडीही चालायला लागायची.

“आप्पाचं खरं निघालं,” काका पुटपुटला.

आम्ही दिवा न लावता मागं निघालो. त्यांच्या चालीनं जायचं तर आम्हालाही अर्ध्या क्लचवरच चालवावी लागली. काका दर दहा पावलांना कण्हत होता. “माझ्या प्लेटा, कुंदे. तुझ्या लग्नापायी माझ्या प्लेटा.”

पुलाच्या चढाला ती थांबली, गुडघ्यांवर हात ठेवून वाकली. हेमंत उतरला. त्यानं तिला बाटली दिली. मग तो तिच्यापुढे खाली बसला आणि तिच्या बुटाची नाडी बांधायला लागला.

तिनं तोल जाऊ नये म्हणून त्याच्या डोक्यावर हात ठेवला. सहज. रोजचं असल्यासारखा.

“चल,” काका म्हणाला. “बघितलंस तेवढं पुष्कळ.”

मी उतरले आणि चालत गेले. माझी चाहूल लागून हेमंत उठला. त्यानं मला ओळखलं. पण त्याच्या तोंडून निघालेला पहिला शब्द माझ्यासाठी नव्हता. तो तिच्याकडे वळून म्हणाला, “तोंड झाक.”

*वैजू*

“ही कोण?” मी विचारलं.

तो तिच्या आणि माझ्या मध्ये येऊन उभा राहिला.

“तुम्ही एकटेच असता म्हणालात.”

“बहीण आहे,” तो म्हणाला.

“बहीण वडूजला आहे. सुखात.”

आता काकाही येऊन पोचला होता. त्यानं मफलर सोडला होता आणि हेमंतला मारायचं की नाही ते त्याचं अजून ठरत नव्हतं. बाईनंच सोडवलं. तिनं स्कार्फ काढला. घामानं केस कपाळाला चिकटलेले. नाक, हनुवटी, थेट हेमंतचीच.

“वडूज सोडून दोन पावसाळे झाले,” ती म्हणाली. “मी वैजयंता. वैजू. नवऱ्यानं हात मोडला, तो बरा झाल्यावर निघून आले. आता पोलीसभरतीचं बघतेय. आणखी काय विचारायचंय?”

काकानं मुठी सोडल्या. “मग गावच्या मैदानावर पळायचं की,” तो म्हणाला.

“गावात मी नाही ना.”

“म्हणजे?”

“गावात मी वडूजला आहे. मळ्यातल्या घरात आत्याजवळ असते. उजेडायच्या आत पळायचं, उजेडलं की आत. आईनं शपथ घातलीय. दादाचं लग्न जमेपर्यंत.” ती माझ्याकडे बघून हसली. ते हसू बरं नव्हतं. “तुमची सुपारी फुटली, की मी हळूहळू सापडायला लागणार.”

“वैजू,” हेमंत म्हणाला.

“खोटं आहे का?”

“तुझ्यासाठीच रोज उठतो मी.”

“उठतोस. आणि तोंड झाक म्हणतोस. रोज.”

एक ट्रक भोंगा वाजवत गेला. हेमंतनं सवयीनं तिला कडेला घेतलं आणि स्वतः रस्त्याच्या बाजूला झाला. बोलण्यात कुठंही नव्हतं ते त्याच्या हाताला येत होतं.

“दोन जागांहून नकार आला,” तो माझ्याकडे न बघता म्हणाला. “खरं सांगितलं म्हणून. बहीण नांदत नाही, म्हणजे घरातच काहीतरी असणार, असं. तिसऱ्यांदा आई म्हणाली, मी बोलते, तू गप्प बस.”

मला माझे दोन नकार आठवले. मी त्याला ते सांगितले नाहीत.

“तुम्हाला कळलं कसं?” वैजूनं विचारलं.

“क्लचप्लेटांवरून. आणि त्या आरशावरून.”

ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग खदाखदा हसायला लागली. पुलाच्या कठड्याला धरून. “दादा, ऐकलंस? अख्ख्या गावाला कळलं नाही. प्लेटांनी सांगितलं!”

“पहिल्या गिअरात क्लच पूर्ण सोडून चालवायची,” काका गंभीरपणे म्हणाला. “जळत न्हाईत मग.”

“ती दमली की चालते,” हेमंत म्हणाला. “गाडी पुढं जाते.”

“मग उतरून ढकलायची.”

“काका,” मी म्हणाले.

हेमंत आता सरळ माझ्याकडे बघत होता. “आप्पांना सांगणार?”

“मी नाही. तुम्ही सांगा. रविवारी, सुपारीच्या आधी. हिच्यासमोर.”

“मग सुपारी फुटणार नाही.”

“नाही फुटणार कदाचित.”

“तुम्हाला चालेल?”

चालणार नव्हतं. ते माझ्या तोंडावर दिसलं असणार, कारण वैजूनं नजर वळवली. मी ओढणीतून दोन्ही हात बाहेर काढले आणि त्याच्यापुढे धरले. उजेड एवढा झाला होता, की नखं दिसत होती.

“लपवू नका, असं तुम्हीच म्हणालात,” मी म्हणाले, आणि काकाच्या गाडीकडे चालायला लागले.

*शनिवार*

“कुणाच्या मागनं?” आप्पांनी विचारलं होतं.

“रविवारी ते स्वतः सांगतील. नाही सांगितलं, तर तुमचं खरं.”

“बाई आहे?”

“आहे.”

त्यांनी हातातला पाना हळूच ठेवला. इतका हळू, की आवाजच आला नाही. काकाला त्यांच्यापासून काही लपवायला जमत नसे, म्हणून तो दोन दिवस त्यांच्यासमोर आलाच नाही. जेवलासुद्धा शेडमध्ये.

शनिवार मावळला. आप्पांनी फोन केला नाही. आई लिंबू घेऊन आली. मी म्हटलं, राहू दे.

*रविवार*

जीप वेळेवर आली. हेमंतची आई, मामा, मध्यस्थ. हेमंत नव्हता.

“मागनं येतोय गाडीवर,” त्याची आई म्हणाली. तिनं हे लिंबाखाली सतरंजीवर बसेपर्यंत तीन वेळा सांगितलं. पदरानं तोंड पुसत होती. ऊन चढत होतं. ताटात नारळ, सुपारी, हळदकुंकू. चहा झाला, सरबत झालं. मामांनी पावसाचं बोलून घेतलं, उसाचं बोलून घेतलं, आणि मग त्यांच्याजवळचं संपलं.

“येतोय ना?” आप्पा म्हणाले. ‘ना’वर त्यांनी जोर दिला.

मी चौकटीला टेकून हायवेकडे बघत होते. येणार नाही, असं मला वाटायला लागलं होतं. आणि खरं सांगायचं तर, आला आणि एकटाच आला तर, याची मला जास्त भीती होती.

मग आप्पांनी मान वर केली. त्यांचे कान माझ्याआधी ऐकायचे.

दबका, अडलेला आवाज.

“कोण हा अर्ध्या क्लचवर...” ते म्हणाले, आणि उठलेच. “माझ्या प्लेटा! परवा टाकलेल्या माझ्या प्लेटा जाळतोय!”

सगळे सर्व्हिस रोडला आले. पंक्चरवाला बाहेर आला, रसवंतीवाल्यानं घुंगरांचा चरक थांबवला. भर उन्हात, हायवेच्या कडेनं, वैजू पळत येत होती. तोंडाला काही नव्हतं. चेहरा लालबुंद, वेणी पाठीवर आपटत होती. ट्रकवाले भोंगे वाजवत होते, एसटीच्या खिडक्यांतून माणसं माना काढत होती. ती गाडीच्या डाव्या अंगाला नव्हती. पुढं होती. आणि दोन गावं ओलांडून तिच्यामागं, तिच्या चालीनं, सगळ्या जगाच्या देखत, हेमंत.

“अगं बाई,” त्याची आई म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. “ही... ही आमच्या मळ्यात कामाला...”

“आई, पुरे,” वैजू म्हणाली. ती आप्पांसमोर येऊन थांबली, गुडघ्यांवर हात टेकून वाकली. दम लागला होता. एकेक वाक्य सुटं सुटं येत होतं. “मी वैजयंता. ह्याची बहीण. वडूजला नांदत नाही. पोलिसात जायचंय. हा मला पळवायला नेतो. पाणी मिळंल का?”

मी पाणी दिलं. तिनं आधी पेल्याकडे बघितलं, मग माझ्या नखांकडे, आणि गटागटा प्याली.

हेमंतनं गाडी लिंबाखाली लावली. तो आप्पांसमोर उभा राहिला. “बहीण सुखात आहे म्हणालो होतो,” तो म्हणाला. “नव्हती. एकटाच असतो म्हणालो, तेही खोटं.”

आप्पा त्याला काही बोलले नाहीत. वैजूलाही नाही. त्याच्या आईकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. ती बिचारी पदराचा बोळा तोंडावर धरून बसली होती. आप्पा गाडीकडे गेले. खाली बसले. इंजिनला तळवा लावला आणि चटका बसून काढून घेतला. मग उठून डावा आरसा बघितला. बराच वेळ. आरसा त्यांनी लावून दिला होता तसा सरळ होता.

“फिरवला न्हाईस?” त्यांनी विचारलं.

त्याला ते पहिल्यांदाच एकेरीत बोलले होते.

“आज ती पुढं होती,” हेमंत म्हणाला.

आप्पांनी बोटानं आरशावरची धूळ पुसली. मग मागं न बघता म्हणाले, “दिन्या, गाडी आत घे.”

काका शेडमधून पळतच आला. त्यानं किक मारली, गिअर टाकला, क्लच सोडला. इंजिन ओरडलं. गाडी जागची हलली नाही.

“तापलाय, आप्पा. ओढंना.”

“मग ढकला,” आप्पा म्हणाले.

वैजूनं पेला खाली ठेवला. मी मागच्या कॅरिअरला हात लावला.